नववी, गणित आणि शाळेचा बँड: मुलाला थांबवावं का?

मनवा_दहिसर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. माझा मुलगा नववीत आहे, शाळा फादर लोकांची, मुंबईच्या उपनगरातली, नाव नको. सातवीपासून शाळेच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवतो. मला वाटलेलं कराटे आणि बुद्धिबळाचं झालं तसं दोन महिन्यांत याचंही होईल. पण नाही. पावणेसातला प्रॅक्टिस असते तर साडेपाचला आपणहून उठतो, बुटांना स्वतः पॉलिश करतो. हाच मुलगा पाचवीत रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा टाळायचा.

आता अडचण अशी की सहामाहीत गणितात ४० पैकी १४. नवऱ्याचं म्हणणं, बँड बंद, क्लास सुरू. डिसेंबरात स्पोर्ट्स डे, मग नाताळचा कार्यक्रम, मग २६ जानेवारी, म्हणजे फेब्रुवारी उजाडेपर्यंत हे चालूच. त्यात बँडच्या सरांनी त्याला सांगून ठेवलंय की पुढच्या वर्षी मेस तुझ्या हातात (मेस म्हणजे बँडच्या पुढे चालणारा जो दांडा फिरवतो ना, तो. मलाही आत्ताच कळलं).

मी साताऱ्याची, मराठी शाळेतली. आमच्याकडे लेझीम होतं, झेंडावंदनाला प्रभातफेरी होती, पण शाळेवरून एवढं पेटून उठल्याचं मला आठवत नाही. शाळेत मुलांचे चार गट असतात, त्यांना हाऊस म्हणतात, हा रेड हाऊसचा आहे म्हणून मामाने आणलेला निळा टी-शर्ट घालत नाही! हे नक्की काय असतं? ज्यांनी अशा शाळेत बँड नाहीतर क्वायर (एकत्र गाणाऱ्यांचा गट) केलंय त्यांनी सांगा, पुढे त्याचं काय झालं?

कोरा_चहा
ड्रम घरी आणतो का? आणत असेल तर हा धागा तुमच्या शेजाऱ्यांनी काढायला हवा होता.

मनवा_दहिसर
ड्रम शाळेतच असतो हो. पण काड्या घरी आणतो आणि उशी, डायनिंग टेबल, कुकरचं झाकण सगळ्यावर चालू असतं. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन गेले.

कॅम्पातला_जोशी
अस्मादिक बिगुल. पुण्यात जेझुइट फादरांच्या शाळेत, १९८८ ते ९१. बिगुलला ट्रम्पेटसारखी बटणं नसतात, सगळं ओठांवर आणि फुंकेवर, कामाचे म्हणावेत असे पाचच सूर निघतात आणि त्या पाचात सगळं भागवायचं. पहिले तीन महिने माझ्या बिगुलातून जे काही यायचं त्याला ग्राउंडवरचे माळीकाका 'म्हैस अडली वाटतं' म्हणायचे.

पुढे काय झालं विचाराल तर काही नाही. विम्याच्या कंपनीत आहे, बिगुल हातात धरून तीस वर्षं झाली. दहावीला ६८ टक्के पडले ते बँडमुळे असं आई अजून म्हणते, माझ्यामुळे पडले हे मी अजून कबूल केलेलं नाही.

पण हाऊसचं वेड काय असतं ते सांगतो. आमच्या वर्गात ५४ पोरं, त्यातली सहा-सात हुशार, चार-पाच क्रिकेटवाली. उरलेले आम्ही चाळीस जण कशासाठी शाळेत होतो हे ना आम्हाला माहीत ना सरांना. मार्च पास्टला मात्र चाळीसच्या चाळीस लागतात, एकाचा पाय चुकला की अख्ख्या हाऊसचे मार्क कटतात. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या असण्यानसण्याने कुणाचं काहीतरी बिघडणार होतं. त्या वयात हे फार मोठं वाटतं.

अवांतर: वहीच्या प्रत्येक पानावर वर ए.एम.डी.जी. लिहायला लावायचे. लॅटिन आहे, देवाच्या अधिक गौरवासाठी असा काहीसा अर्थ. आजोबांनी विचारलं हे काय रे, मी म्हटलं आपण 'श्री' लिहितो ना तसं. आजोबा खूष, म्हणाले चांगली शाळा आहे.

झिपरी
'म्हैस अडली' :हसून हसून पुरेवाट:

सुनीता_कोथरूड
सगळे आता गोडगोड लिहिणार हे दिसतंय म्हणून दुसरी बाजू लिहिते. आमचं कॉन्व्हेंट, मुलींचं. सहावीत नाताळच्या कार्यक्रमासाठी सिस्टरनी अख्खा वर्ग उभा केला आणि एकेकीच्या तोंडाजवळ कान नेत गेल्या, सोप्रानो म्हणजे उंच आवाजाच्या इकडे, आल्टो म्हणजे खालच्या आवाजाच्या तिकडे. माझ्यापाशी थांबल्या, गालाला हात लावला आणि अगदी मायेने म्हणाल्या, तू फक्त ओठ हलव हं बाळ. उंची कमी म्हणून मी पहिल्या रांगेत, पांढरा फ्रॉक, लाल रिबिनी. चार वर्षं मी ओठ हलवले. आईबाबा समोर बसून टाळ्या वाजवायचे, घरी येऊन म्हणायचे तुझा आवाज वेगळा ओळखू येत होता.

आज ४७ वय आहे. गणपतीत आरतीला मी आधी टाळ पकडते, म्हणजे तोंड उघडलं नाही तरी कुणाला कळत नाही. सिस्टर वाईट नव्हत्या, बाकी खूप जीव लावला त्यांनी. पण ते एक वाक्य गेलं नाही.

कोरा_चहा
सुनीताताई, आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाला तुमच्या सिस्टरची फार गरज आहे हो.

सुनीता_कोथरूड
:हसले: पाठवते.

स्पष्टवक्ता
कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. बँड ठीक आहे, पण क्वायर म्हणजे शेवटी चर्चचीच गाणी ना? आपली मुलं डिसेंबरभर ती घरात गुणगुणतात आणि आपण कौतुकाने व्हिडिओ काढतो. मनाचे श्लोक किती जणांच्या मुलांना येतात?

झिपरी
आला मुद्दा. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तारीख_पे_तारीख
कायद्यापुरतं सांगून जातो. घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. आणि कलम २८ चं तिसरं उपकलम म्हणतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा नको असेल तर चिठ्ठी द्या, मूल बसणार नाही. आमच्या वेळी कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण आणि त्याच तासाला आम्हाला मॉरल सायन्स असायचं. मॉरल सायन्समध्ये मी झोपा काढल्या आणि वकील झालो, यावरून काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

वसईकर_पापडी
स्पष्टवक्ता साहेब, चर्चची गाणी म्हणजे इंग्रजीच असं का धरून चाललात? आमची वसई बघा. आम्ही कॅथलिक, घरात कादोडी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, हेडमास्तर फादर. १९६२ ते ६५ मध्ये व्हॅटिकनची परिषद झाली आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायला परवानगी मिळाली, तेव्हापासून आमच्याकडे मिस्सा मराठीत, गायन मराठीत, पेटी आणि तबल्यावर. त्याच्याही कितीतरी आधी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठीत ख्रिस्ती भजनं लिहिली, ते तर प्रॉटेस्टंट, तरी त्यांची पदं आमच्याकडेही गायलेली मी ऐकली आहेत.

शाळेचं सांगायचं तर स्पोर्ट्स डेला आमच्याकडे आधी बँड आणि मागोमाग लेझीम. बँडवाली पोरं बूट घालून ऐटीत, लेझीमवाली अनवाणी आणि संख्येने चौपट. टाळ्या लेझीमलाच जास्त पडायच्या हेही सांगून ठेवतो, मनवाताईंच्या साताऱ्याचा मान राखायला.

स्पष्टवक्ता
मराठीत मिस्सा असते हे माहीत नव्हतं. श्लोकांचा मुद्दा मात्र सोडत नाही.

कुठ्ठाळीकर
गोंयचो म्हणून दोन शब्द. आमच्याकडे संगीत शाळेत आलं ते चर्चमधून हे खरंच. पोर्तुगीज काळात प्रत्येक चर्चला जोडून शाळा असायची, तिथे मेस्त म्हणजे मास्तर पोरांना सोल्फेजी शिकवायचे, सूर वाचायला, व्हायोलिन धरायला. याच शाळांतून तयार झालेली माणसं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस माजोर्ड्याचे, प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं, आणि 'अमर अकबर अँथनी'तल्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' गाण्यातलं ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. आपण लहानपणी त्यावर नाचलो, नाव कुणाचं हे माहीत नव्हतं.

दुसरं घुमट. मातीचं मडकं, तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचं लावतात. चवथीला आरतीत तेच आणि कॅथलिकांच्या मांडो गाण्यांना तेच. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. माझ्या मुलीच्या शाळेत, सिस्टरांची शाळा, घुमट आरतीच्या स्पर्धेला जो ग्रुप गेला त्यात निम्म्या मुली कॅथलिक. त्या आरती म्हणतात, आमची मुलगी कॅरल म्हणते, घरी येऊन दोघी मॅगी खातात.

गिटार_विकली
मुंबईच्या कॅथलिक शाळांनी झुबिन मेहता दिला हे विसरू नका! माझगावचं सेंट मेरीज.

कॅम्पातला_जोशी
शाळेत होते हो, पण संगीत घरचं. वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला. उद्या गावसकरचं श्रेय सेंट झेवियर्सच्या पीटी सरांना द्याल.

गिटार_विकली
पीटी सरांना थोडं द्यायला काय जातं?

गणिताच्या_बाई
मनवाताई, मी अशाच एका शाळेत २२ वर्षं गणित शिकवते, त्यामुळे १४ मार्कांचा माणूस म्हणून माझ्याकडे बघा. वरचे सगळे आठवणीत रमलेत, मी आजचं सांगते.

बँडची मुलं पहिल्या तासाला घामेजलेली, उशिरा येतात. पहिला तास बहुतेक गणिताचाच असतो, कारण टाईमटेबल करणाऱ्याला वाटतं सकाळी डोकं ताजं असतं. स्पोर्ट्स डेच्या आधी तीन आठवडे तर तिसऱ्या तासापर्यंत ग्राउंडवर. भूमितीतलं एक अख्खं प्रकरण त्यात जातं आणि मुलाला वाटतं आपल्याला गणित येत नाही. येत नाही असं नसतं, तो तिथे नव्हताच. तर क्लास लावायच्या आधी त्याची वही काढा आणि जूनपासून कुठल्या तारखांची पानं कोरी आहेत ते बघा. माझा अंदाज आहे १४ चं उत्तर तिथे सापडेल.

आणि बँडबद्दल एवढं हळवं व्हायचं कारण नाही. बहुतेक ठिकाणी बँडचे सर कंत्राटी असतात, तासावर पैसे, तेही थकतात. युनिफॉर्म, शूज, हातमोजे पालकांच्या खिशातून. ज्याला परवडत नाही तो 'मला आवडत नाही' म्हणून सांगतो आणि आम्ही ते खरं धरतो. हेही त्या स्कूल स्पिरिटमध्ये मोजा.

नगरचा_पोपट
बाईंचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मोबाईलवर टंकतोय, चुभूद्याघ्या.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बोर्डिंगला होतो, पाचवी ते दहावी. मराठी माध्यम. आमच्या घरात हलगी, वडील, चुलते सगळे वाजवायचे, लग्न, जत्रा, मयत काही असो. गावात हलगी वाजवणारा म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत असतं, जास्त सांगत नाही. बोर्डिंगला गेल्यावर मी कुणाला सांगितलंच नाही की मला वाजवता येतं. लपवायची गोष्ट होती ती.

तिथे एक फादर होते, स्वित्झर्लंडचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे आणि शिव्या मात्र नगरी द्यायचे. त्यांनी कुठून तरी जुने ड्रम आणलेले, चामड्याचे, आताच्यासारखे प्लॅस्टिकच्या पानाचे नाही. पावसाळ्यात चामडं सर्द व्हायचं, ड्रम नुसता भद भद करायचा. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी सगळे ड्रम बसलेले आणि बँड शिकवणारे सर डोक्याला हात लावून. मी सहावीत होतो, कसं काय तोंडातून गेलं, म्हटलं फादर, शेकायला पाहिजे. फादरनी माझ्याकडे बघितलं. मग मी पाचटाचा जाळ केला आणि एकेक ड्रम हलगी शेकतात तसा लांबून फिरवून शेकला, जवळ धरला तर चामडं फाटतं, अंगठ्याने टिचकी मारून आवाज बघायचा. टण्ण बोलायला लागले. फादर म्हणाले, कुठं शिकलास? मी गप्प. परत विचारलं. म्हटलं घरी, आमची हलगी आहे. फादर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, मग तू आजपासून ड्रमचा मास्तर. बस एवढंच. भाषण नाही काही नाही.

पुढची चार वर्षं १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला बास ड्रम माझ्याकडे होता. २६ जानेवारीला वडील आले होते एकदा, मागे कुंपणाला उभे. नंतर म्हणाले, ठेका सरळ आहे तुमचा, जरा पण हलत नाही. त्यांना तो मार्च आवडला नव्हता, मला कळलं. हलगीत जो झोल असतो तो मार्चमध्ये नसतो, डावा उजवा डावा उजवा, मिनिटाला १२० पावलं. पण ते दोन दिवस राहिले आणि फादरांबरोबर जेवले, ताटाला ताट लावून. गावात त्यांना असं कुणी जेवायला बसवलं नव्हतं.

मनवाताई, गणितात मी दहावीला ४१ घेतले होते, १५० पैकी नव्हे, शंभरपैकी, एवढं समाधान.

झिपरी
पॉपकॉर्न बाजूला ठेवला.

तारीख_पे_तारीख
पोपटराव, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

बेस_ड्रमवाली
माझ्या आयडीवरून कळलं असेल. वर सगळे 'पोरं' 'पोरं' करताहेत म्हणून आले. मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये बँडमध्ये दुसरं कोण असणार, सगळं मुलीच करायच्या. मी नववीत ३८ किलो आणि ड्रम पोटावर, समोरचं काही दिसायचं नाही, पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघून चालायचं. एकदा ती केस कापून आली तर मी सरळ पाहुण्यांच्या शामियान्यात. हे सोडून बाकी सगळं छान होतं. बाजूच्या मुलांच्या शाळेला बँडच नव्हता, त्यांच्या स्पोर्ट्स डेला आम्ही जायचो वाजवायला. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असायचे.

सुनीता_कोथरूड
शामियान्यात!! ओठ हलवणं परवडलं.

साल्वोबाप्पा
उशिरा येतोय. डॉन बॉस्कोवाल्यांचा उल्लेख नाही म्हणून. इटलीत तुरिन शहरात फादर डॉन बॉस्को यांनी रस्त्यावरची, काम शोधत आलेली गरीब पोरं गोळा केली तेव्हा त्यांना प्रार्थनेच्या जोडीला बँड दिला. संगीत नसलेली ऑरेटरी (पोरांना जमवायची त्यांची जागा) म्हणजे आत्मा नसलेलं शरीर असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या शाळांत बँड म्हणजे शोभेची वस्तू नाही, मूळ कार्यक्रमातच आहे. ३१ जानेवारीला त्यांचा सण असतो, म्हणजे मनवाताई, शाळा सालेशियन म्हणजे डॉन बॉस्कोंच्या संघातल्या फादरांची असेल तर तुमचा हिशोब २६ ला संपत नाही, अजून पाच दिवस धरा.

मनवा_दहिसर
अरे देवा. हे कुणी सांगितलं नव्हतं, आत्ता विचारते त्याला.

कोरा_चहा
धागाकर्तीला आणखी पाच दिवसांची शिक्षा. पुढील लेखनास शुभेच्छा.

मनवा_दहिसर
महिन्याने परत येतेय, धागा विसरले नव्हते. बाई, तुमचं ऐकून वही काढली. सप्टेंबरपासूनची पानं कोरी, समांतर रेषांचं प्रकरण तर पूर्णच गायब. वर्गशिक्षिकांना भेटले, त्यांनी बँडच्या नऊ मुलांना मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा बसवायचं कबूल केलं, नऊपैकी सहा जणांची हीच गत निघाली. चाचणीत २० पैकी ११. नवरा म्हणतो अजून बघू. क्लास लावलाय, पण शनिवार-रविवारचा. मेस त्याला मिळेल की नाही माहीत नाही, कारण आता आणखी एक मुलगा उंच झालाय आणि सरांना उंच मुलगा हवा असतो.

स्पोर्ट्स डे परवा झाला. नवरा रजा टाकून आला, हे मी सांगितलं नव्हतं त्याला. अकरा मिनिटांचा व्हिडिओ काढला. घरी येऊन लावला तर अकरा मिनिटं दुसऱ्याच मुलाचा. टोप्या सारख्या, पट्टे सारखे, आणि आमचा मुलगा त्या मुलाच्या पलीकडे, फक्त कोपर दिसतं. मुलगा म्हणाला बाबा ते बरोबर आहे, सगळे सारखे दिसले म्हणजे ड्रेसिंगचे पूर्ण मार्क.

रेड हाऊस तिसरं आलं. चारात. रात्री जेवला नाही.

कोरा_चहा
आणि खालचे काका?

मनवा_दहिसर
सहामाहीच्या निकालानंतर आठ दिवस आम्ही काड्या काढून घेतल्या होत्या. नवव्या दिवशी वर आले, म्हणाले आवाज नाही, मुलगा आजारी आहे का.

गणिताच्या_बाई
२० पैकी ११ वर थांबू नका, प्रमेयं लिहून काढायला लावा. रोज एक.

सर्किट_सांगली
जुना धागा वर काढतोय, माफी. कुणाकडे सेकंडहँड बेल लायरा (बँडमधलं धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आहे का, मुलीला शाळेत सांगितलंय. धोबी तलावला फर्टाडोजमध्ये नवीन बघितली, बजेटच्या बाहेर आहे. व्यक्तिगत निरोप करा.